पूर ओसरल्यावर ओल लपवू नका
घर आणि दुकान बुरशीपासून वाचविण्यासाठी व्यापारी व कारागीर बंधूंना काही सूचना

आषाढ-श्रावणात नाणेघाटापासून भीमाशंकरापर्यंतच्या डोंगरपट्ट्यात पाऊस ठाण मांडून बसतो. कुकडी, मीना, पुष्पावती आणि घोड या नद्या फुगतात. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे, डिंभे ही धरणे भरत आली की पाणी सोडले जाते आणि जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील नदीकाठच्या लोकांची झोप उडते. पाणी नदीचे असो, ओढ्याचे असो की तुंबलेल्या गटाराचे. ते घरात किंवा दुकानात शिरले की नुकसान ठरलेलेच.

मोठ्या आपत्तीची नोंद होते. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, दीडशेच्या वर माणसे दगावली. ते दुःख साऱ्या देशाने पाहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरची घरे कित्येक दिवस पाण्यात होती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणची बाजारपेठ बुडाली. या सर्वांची छायाचित्रे छापून आली. परंतु पाणी ओसरल्यानंतर, गाळ काढून झाल्यानंतर, लोक आपापल्या कामाला लागल्यानंतर जे दुसरे नुकसान सुरू होते त्याचे छायाचित्र कोणी काढीत नाही. कपाटामागे काळे डाग पडतात, गादीला कुबट वास येतो, कापडाच्या ठाणावर ठिपके उमटतात, लहान मुलाचा खोकला जात नाही. हे नुकसान बुरशीचे असते.

हा प्रकार केवळ आपल्या गरिबीमुळे होतो असेही नाही. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. दोन महिन्यांनी तेथील काही घरांची पाहणी झाली तेव्हा जवळजवळ निम्म्या घरांत डोळ्यांनी दिसेल एवढी बुरशी आढळली. पैसा आणि यंत्रे असलेल्या देशाची ही अवस्था, तर आपण किती सावध राहिले पाहिजे याचा विचार व्हावा.

आमचे या लेखात एकच सांगणे आहे. ओल उघडी ठेवली तर वाळते, झाकली तर कुजते. पुरानंतरचे बहुतेक दुसरे नुकसान ओल झाकण्याच्या घाईमुळे होते. भिंतीवर रंग मारून ओल झाकली जाते, तशीच ओल्या मालावर कोरडा माल ठेवूनही झाकली जाते. दोन्हींचा शेवट सारखाच होतो.

बुरशीला काय लागते?

बुरशीचे बीज म्हणजे डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण. ते हवेत सर्वत्र असतात. स्वच्छ घरातही असतात. त्यांना घराबाहेर घालविणे कोणालाच शक्य नाही. त्यांना वाढायला तीन गोष्टी लागतात : खाद्य, ऊब आणि ओल. लाकूड, कागद, पुठ्ठा, सुती कापड, चामडे, पिठाची खळ, इतकेच काय तर भिंतीवरची धूळदेखील त्यांचे खाद्य आहे. ऊब आपल्या हवेत बाराही महिने आहे. राहिली ओल. ती एकच गोष्ट आपल्या हातात आहे. वस्तू भिजल्यावर चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली तर बहुधा बुरशी धरत नाही. त्यापुढे प्रत्येक दिवस बुरशीच्या बाजूने जातो.

आमच्या भागातील शेतकऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्याची कांदाचाळ पाहा. जमिनीपासून उचललेली, खालून हवा, दोन्ही बाजूंनी फटी, वर छप्पर, आणि कांद्याचा थर बेताचा. कांदा पोत्यात कोंबून बंद खोलीत ठेवला तर चार दिवसांत काजळी धरतो हे त्याला ठाऊक आहे. मग तोच माणूस पुरानंतर ओले कपाट ओल्या भिंतीला टेकवून दार का लावून घेतो? कांद्याला जो न्याय, तोच घराला लावावा. खालून उचला, मध्ये फट ठेवा, हवा खेळू द्या.

पहिले दोन दिवस

पाणी ओसरल्याबरोबर घरात धावू नये. प्रथम विजेचे मेन स्विच बंद आहे याची खात्री करावी. बोर्ड आणि वायरिंग भिजले असेल तर वायरमनने तपासल्याखेरीज वीज सुरू करू नये. पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे घालावेत. पुराच्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळते आणि पायाच्या जखमेतून लेप्टोचा आजार जडू शकतो. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने तो अनुभव घेतला आहे.

दुसरे काम छायाचित्रांचे. काहीही हलविण्यापूर्वी मोबाईलवर प्रत्येक खोलीचे, भिंतीवरील पाण्याच्या रेघेचे आणि भिजलेल्या मालाचे फोटो काढावेत. मालाची यादी करावी. तलाठ्याकडे पंचनाम्यासाठी लगेच कळवावे. विमा असेल तर कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. बँकेचे कर्ज घेतलेल्या पुष्कळ दुकानदारांच्या मालाचा विमा कर्जाबरोबरच उतरविलेला असतो आणि ते त्यांच्या लक्षातही नसते. कर्जाची कागदपत्रे एकदा पाहावीत. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने पूरग्रस्त दुकानदारांना जास्तीत जास्त ५० हजार आणि टपरीधारकांना १० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. प्रत्येक वेळी रक्कम आणि अटी वेगळ्या असतात, पण पंचनामा सर्वच वेळी लागतो.

मात्र पंचनाम्याची वाट पाहत ओला माल तसाच कुलपात ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. फोटो आणि यादी झाली, शेजारच्या दोन साक्षीदारांनी पाहिले, की माल बाहेर काढावा. फेकण्याचा माल वेगळा ढीग करून ठेवावा, म्हणजे पंचनाम्याच्या वेळी दाखविता येईल.

मग गाळ काढावा. गाळ ओला असतानाच निघतो. वाळला की दगड होतो आणि त्याची धूळ उडते. गाळ काढल्यावर भिंती आणि फरशी स्वच्छ पाण्याने, नंतर साबणाच्या पाण्याने धुवावी. गाळातले सेंद्रिय घाण द्रव्य भिंतीवर राहिले तर बुरशीला आयते जेवण वाढल्यासारखे होते.

पावसाळ्यात वाळवायचे कसे?

अनेकांचा प्रश्न असा असतो की, बाहेरच पाऊस आहे तर घर वाळणार कसे? प्रश्न रास्त आहे. पावसाच्या सरीत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. अशा वेळी खिडक्या सताड उघड्या ठेवल्या तर ओल आत येते. म्हणून वेळ पाहून काम करावे. पाणी ओसरल्यावर पहिल्या दिवशी घर पूर्ण उघडे ठेवावे, कारण तेव्हा आतली हवा बाहेरच्यापेक्षा ओली असते. त्यानंतर पाऊस उघडीप देईल तेव्हा, विशेषतः दुपारी अकरा ते चारच्या दरम्यान, समोरासमोरची दारे-खिडक्या उघडाव्यात. सर सुरू झाली की आणि रात्री बंद कराव्यात. वायरिंग सुरक्षित असेल तर पंखे चोवीस तास चालू ठेवावेत. एक पंखा हवा आत घेणारा आणि एक दारातून बाहेर फेकणारा अशी मांडणी केली तर छताच्या दोन पंख्यांपेक्षा जास्त काम होते.

घरात ओले कपडे वाळत घालू नयेत. स्वयंपाकाची वाफ बाहेर जाऊ द्यावी. कपाटांची दारे आणि खण उघडे ठेवावेत. सर्व लाकडी सामान विटांवर उचलून भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. शहाबादी फरशीखाली पाणी साचलेले असते. कोपऱ्यातली एक फरशी उचलून पाहावी. शोभेसाठी भिंतीला लावलेले प्लास्टिकचे किंवा प्लायवूडचे पॅनेल काढावेत. वरून ते कोरडे दिसतात, मागे भिंत निथळत असते.

येथे एक धोक्याची सूचना. खोली लवकर वाळावी म्हणून काही जण दारे बंद करून आत कोळशाची शेगडी ठेवतात किंवा जनरेटर पडवीत लावतात. त्याच्या विषारी धुराला वास नसतो आणि झोपेतच माणसे दगावतात. शेगडी बंद खोलीत नको आणि जनरेटर घरापासून लांब, उघड्यावर हवा.

भिंतीची घाई करू नका

पुरानंतर आठ-पंधरा दिवसांत मिस्त्री आणि रंगारी दारात येतात. घरात लग्न ठरलेले असते, ईद जवळ आलेली असते, दुकान गलिच्छ दिसले तर गिऱ्हाईक फिरते. दोन हात ऑईलपेंट मारून मोकळे व्हावे असा मोह होतो. हा मोह टाळावा.

भिंत पाणी शोषून घेते आणि दिव्याच्या वातीसारखे ते वर चढविते. म्हणून पाण्याची रेघ दोन फुटांवर असली तरी ओल तीन-चार फुटांपर्यंत जाते. जाड भिंतीतले पाणी पंधरा दिवसांत जात नाही. ढोबळ हिशेब असा की एक इंच जाडीला सुमारे एक महिना. नऊ इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंनी वाळत असेल तर चार-पाच महिने, आणि एक बाजू बंद असेल तर त्याहून जास्त. जुन्या पेठांतील दगड-मातीच्या आणि पांढरीच्या जाड भिंतींना अधिकच धीर धरावा लागतो. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर दोघांनी मिळून दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्यात. एकाने वाळवायचे आणि दुसऱ्याने रंग मारायचा, तर दोघांचेही काम वाया जाते.

अशा ओल्या भिंतीवर ऑईलपेंट, पुट्टी किंवा सिमेंटचा गिलावा चढविला की पाण्याची वाट बंद होते. मग रंगाला फुगे येतात, पोपडे पडतात आणि पोपड्यामागे काळी बुरशी निघते. खर्च दुप्पट होतो. जुन्या चुन्याच्या आणि मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा तर पूर नसतानाही त्रासदायक ठरतो, कारण चुना आणि माती पाणी बाहेर सोडतात, सिमेंट ते अडवून धरते.

भिंत वाळली की नाही हे ओळखण्याची एक बिनखर्चाची पद्धत आहे. दीड फूट चौकोनी जाड प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारी कडांनी चिकटपट्टीने पक्का बसवावा. एक दिवस-रात्र ठेवून पाहावे. आतून पाण्याचे थेंब जमले किंवा भिंत गडद दिसली तर आत ओल आहे. थांबावे. दर पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे.

भिंतीवर पांढरे काही दिसले की ती बुरशीच असे नाही. पुष्कळदा तो लोणा असतो. चिमटीत चोळून पाहावे, किंवा पाण्याचा थेंब सोडून पाहावा. लोणा क्षार असल्यामुळे चुरा होतो आणि पाण्यात विरघळतो. बुरशी लोकरीसारखी लागते आणि विरघळत नाही. लोणा कोरड्या ब्रशने झाडून टाकावा. तो भिंतीतून पाणी बाहेर पडत असल्याची खूण आहे.

तोवर भिंत उघडी-बोडकी ठेवावयाची काय? नाही. आपल्या आजोबांचा उपाय अजून उपयोगी आहे. ताज्या भिजविलेल्या चुन्याची सफेदी द्यावी. चुना तीव्र अल्कली असल्यामुळे त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि तो पाण्याची वाट अडवीत नाही. भिंत स्वच्छ दिसते आणि वाळतही राहते. खर्चही थोडा. सफेदी करताना डोळ्यांना चष्मा आणि हातांना मोजे हवेत, चुना भाजतो. रंग पुढच्या उन्हाळ्यात, प्लास्टिकची परीक्षा पास झाल्यावर द्यावा.

बुरशी धरलीच तर

कोरडा झाडू किंवा ब्रश मारू नये. त्याने बुरशीचे कण घरभर उडतात. डाग आधी ओला करावा, मग साबणाचे पाणी आणि ब्रशाने घासून काढावा, फडके एका पिशवीत बांधून टाकावे. नाका-तोंडावर एन-९५ मुखपट्टी असावी; रुमालाने हे कण अडत नाहीत. लाद्या, लोखंडी मांडणी, काच, प्लास्टिक अशा टणक वस्तूंवर धुऊन झाल्यावर बाजारात मिळणारे पातळ ब्लीच वापरता येते. प्रमाण एक कप ब्लीचला सोळा कप पाणी, त्याहून कडक नको. ब्लीच संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनिया असलेल्या द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो.

हेही ध्यानात असावे की ब्लीचने डागाचा रंग जातो, ओल जात नाही. लाकडात आणि गिलाव्यात ते खोलवर पोचत नाही. डाग गेला म्हणून आनंद मानला आणि भिंत ओलीच राहिली तर महिन्याभरात बुरशी परत येते. गिलावा भुसभुशीत झाला असेल तर तो पाण्याच्या रेघेच्या फूट-दोन फूट वरपर्यंत उतरवून टाकणेच बरे.

दमेकरी, लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि मधुमेहाचे रुग्ण यांनी हे काम करू नये, शक्य तर ते चालू असताना त्या खोलीतही थांबू नये. बुरशीच्या कणांनी शिंका, डोळे चुरचुरणे, खोकला आणि दमा वाढतो. २०२१ साली करोनाच्या लाटेत 'काळी बुरशी' नावाच्या आजाराने महाराष्ट्रात हाहाकार माजविला होता, त्यामुळे भिंतीवरचा काळा डाग पाहून लोक घाबरतात. तो आजार वेगळ्या जातीच्या बुरशीचा होता आणि बहुतेक अनियंत्रित मधुमेह असलेल्यांना, स्टेरॉईड घेतलेल्यांना झाला. भिंतीवरचा काळा रंग म्हणजे तोच आजार नव्हे. पण ज्यांची साखर वाढलेली आहे किंवा प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांनी कुठल्याही बुरशीपासून दूर राहणेच शहाणपणाचे.

आपापल्या धंद्याचे सामान

शिंपी व कापड व्यापारी : ठाण गुंडाळलेले असेल तर आतला भाग आठवडाभर वाळत नाही. त्याच दिवशी सर्व ठाण उलगडावेत, स्वच्छ पाण्यातून काढावेत आणि पसरावेत. ठिपके पडलेल्या कापडावर इस्त्री फिरवू नये, डाग पक्का बसतो. शिलाई मशीन पुसून, वाळवून, तेल देऊन ठेवावे.

पिंजारी बंधू : पुराच्या घाण पाण्यात बुडालेल्या गाद्या पुन्हा पिंजण्यासाठी तुमच्याकडे येतील. गटाराचे पाणी लागलेला किंवा काळे ठिपके पडलेला कापूस पिंजू नका. तो भुगा प्रथम तुमच्याच छातीत जातो, मग गिऱ्हाइकाच्या घरात. अशी गादी टाकून देण्याचा सल्ला द्या. मजुरी बुडेल, पण प्रकृती वाचेल. फक्त पावसाने भिजलेली गादी लगेच उसवून, कापूस उन्हात खडखडीत वाळवून पिंजता येते.

सुतार : फुगलेले दार लगेच रंधू नका. वाळल्यावर ते आकसते आणि मग फट पडते. सागवानी सामान सावलीत, वाऱ्यावर हळूहळू वाळवावे. कडक उन्हात लाकूड वाकते आणि तडकते. लाकडातले पाणी वीस टक्क्यांच्या खाली आले की कुजविणारी बुरशी थांबते. भुशाच्या दाबलेल्या पाट्यांचे फर्निचर फुगले की त्याला इलाज नाही.

मणियार, अत्तार, किराणा व चप्पल व्यापारी : काचेच्या बांगड्या, बाटल्या, धातूचा माल धुऊन वाचतो, पुठ्ठ्याची खोकी वाचत नाहीत. ओले खोके कोरड्या खोक्यांच्या शेजारी ठेवले की सगळा रॅक जातो. चामड्याची चप्पल ओल्या फडक्याने पुसून, आत कागदाचे बोळे भरून सावलीत वाळवावी. चुलीजवळ ठेवू नये, चामडे कडक होऊन तडकते.

कागदपत्रे

जुन्नरचे नाव एके काळी कागदासाठी घेतले जाई. येथील कागदी बंधूंनी केलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरात वापरला जात असे. जुना दप्तराचा कागद इतकी वर्षे टिकला तो कोरडा राहिला म्हणून. कागद भिजला की चांगल्यातला चांगला कागदही दोन-तीन दिवसांत बुरशीला बळी पडतो.

खरेदीखत, सात-बाराचे उतारे, निकाहनामा, रोजकीर्द-खतावणी भिजल्यास चिकटलेली पाने ओढून काढू नयेत. सुटे कागद स्वच्छ, कोऱ्या कागदांच्या थरांत ठेवून पंख्याखाली वाळवावेत आणि थर वरचेवर बदलावेत. वह्या पुष्कळ असतील आणि दोन दिवसांत वाळविणे शक्य नसेल तर त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. सवड मिळाली की एकेक वही काढून वाळवावी. मोठ्या ग्रंथालयांत पुरानंतर हाच उपाय करतात. भिजलेल्या कुरआन शरीफच्या प्रतींबाबतही हीच काळजी घ्यावी. वाचण्याच्या पलीकडे गेलेल्या प्रतींचे काय करावे हे आपल्या आलिमांना विचारून अदबीने करावे.

ओला दाणा आणि आपली इमानदारी

आता सर्वांत अवघड मुद्दा. पुराचे पाणी लागलेले धान्य, पीठ, डाळ, शेंगदाणा, मिरची, मसाला यांचे काय करायचे? दुकानदाराच्या डोळ्यांसमोर हजारोंचा माल असतो. उन्हात दोन दिवस घातला तर वरून चांगला दिसतो. दहा किलो चांगल्या मालात दोन किलो मिसळला तर कोणाला कळणार, असा विचार मनात येऊ शकतो.

कळत नाही हीच खरी भीती आहे. शेंगदाणा, मका, मिरची यांवर धरणारी एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाला घालते. बुरशी झटकली, पाखडली, तरी विष दाण्यात राहते आणि नेहमीच्या शिजविण्या-भाजण्याने ते पुरते नाहीसे होत नाही. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागांत अवकाळी पावसाने मका भिजला. गरीब आदिवासींनी तोच बुरशीचा मका खाल्ला. सुमारे चारशे लोक काविळीने आजारी पडले आणि त्यांतील १०६ दगावले. तो मका खाणाऱ्यांच्या घरातच पिकलेला होता. आपण तर दुसऱ्याच्या ताटात वाढणार आहोत. म्हणून पुराच्या पाण्यात बुडालेला खाण्याचा माल विकू नये, कोणाला फुकटही देऊ नये.

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली हदीस व्यापारी बंधूंना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असता धान्याच्या एका राशीत त्यांनी हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेत्याने खुलासा केला की पाऊस लागला होता. तेव्हा प्रेषितांनी त्याला विचारले की ओला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, आणि फसविणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. येथे लक्षात घेण्यासारखे असे की, माल भिजल्याचा दोष त्या विक्रेत्याला दिला गेला नाही. पाऊस अल्लाहच्या हुकुमाने पडतो. दोष दिला गेला तो ओल खाली लपविल्याचा.

कापड, बांगड्या, भांडी असा खाण्याचा नसलेला माल भिजून वाचला असेल तर तो विकायला हरकत नाही. परंतु पुरात भिजलेला माल अशी पाटी लावून, भाव कमी करून, वेगळ्या ढिगात विकावा. गिऱ्हाईक खुशीने नेते आणि दुकानाचे नाव राहते. घर विकताना किंवा भाड्याने देतानाही हाच नियम. चुन्याखाली ओल आहे हे भाडेकरूला सांगावे. त्याच्या लेकराची छाती आपल्या लेकरासारखीच आहे.

पुढच्या पावसापूर्वी

काही कामे उन्हाळ्यातच करून ठेवावीत. दुकानातील सर्वांत खालची मांडणी जमिनीपासून दीड-दोन फूट उंच घ्यावी आणि त्यावर धुता येईल असाच माल ठेवावा. विजेचे बोर्ड वर घ्यावेत. महत्त्वाची कागदपत्रे प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, माळ्यावर असावीत आणि त्यांचे मोबाईलवर फोटो असावेत. भिंतीच्या पायथ्याशी साठलेला भराव काढून गटार मोकळे करावे. पन्हळी आणि कौले तपासावीत.

मोहल्ल्याच्या जमातीला आमची एक विनंती आहे. एक पाणी उपसण्याचा पंप, दोन मोठे उभे पंखे, एक वायरचे रीळ, थोड्या मुखपट्ट्या आणि रबरी मोजे मशिदीच्या सामानात ठेवावेत. एका घराला हा खर्च जड जातो, जमातीला जात नाही. पुरानंतर ते पाळीपाळीने प्रत्येक घरात फिरावेत, शेजारी कोणत्याही धर्माचा असो. ज्या विधवेच्या घरी गाळ काढायला माणूस नाही तेथे ते प्रथम जावेत.

थोडक्यात सांगायचे तर, भिजलेले लवकर बाहेर काढा, उचलून ठेवा, हवा द्या, धीर धरा, रंग उशिरा द्या, आणि जे वाचणार नाही ते सोडून द्या. जे वाचले असेल त्याची ओल गिऱ्हाइकाला आणि भाडेकरूला दाखवा. अल्लाह सर्वांची घरे सलामत ठेवो आणि हलाल रोजीत बरकत देवो.